रात्रपाळीत सिस्टर हाकेला लगेच का येत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील जिल्हा रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात भरती होते. रात्री सलाईन संपलं तेव्हा पुन्हा पुन्हा हाका मारूनही सिस्टर लवकर आल्या नाहीत, आल्या त्या खेकसतच. मग परिचारिका खरोखर कमी आहेत की हा कामचुकारपणा आहे, आणि सरकारने यात नेमकं काय करायला हवं?

मी सरकारी रुग्णालयांत आधी अधिपरिचारिका आणि पुढे वॉर्डाची इन्चार्ज म्हणून काम केलं आहे. मेडिसिन, जळीत कक्ष, नवजात कक्ष, तिन्हीकडे. कामचुकार माणसं आमच्यात आहेत, त्यांच्याबद्दल खाली लिहिते. पण तुमच्या वडिलांच्या वॉर्डात त्या रात्री जे झालं, त्याचं मुख्य कारण मिनिटांत मोजता येतं. वरच्या पातळीवर धोरण ठरवताना ही मिनिटं कुणी मोजत नाही, हे माझं दुखणं आहे.

आधी सलाईनचं सांगते, कारण त्याने नातेवाईक फार घाबरतात. साधं, बाटली टांगून लावलेलं सलाईन संपलं की प्रवाह थांबतो. नळीत थोडं रक्त मागे चढतं. दिसायला ते भयंकर दिसतं, पण त्याने जीव जात नाही. इंट्राकॅथ, म्हणजे शिरेत बसवलेली बारीक नळी, रक्त गोठून बंद पडू शकतो, मग नवीन शीर शोधावी लागते. बाटली रिकामी झाली तर नळीवरचं चाक बंद करा आणि सिस्टरला सांगा. सलाईन चालू असताना मात्र त्या चाकाला हात लावू नका. त्याच वेळी पलीकडच्या कोपऱ्यात कुणाला धाप लागली असेल तर सिस्टर आधी तिकडे जाणार, आणि तिने तिकडेच जायला हवं.

आता मिनिटांकडे येऊ. रुग्णाच्या कागदावर टीपीआर लिहायचे रकाने असतात: ताप, नाडी, श्वास. ताप थर्मामीटर सांगतो. नाडी आणि ऑक्सिजन बोटाला लावलेलं यंत्र दाखवतं. बीपीचं मशीन आकडा देतं. साध्या वॉर्डात श्वास मोजणारं यंत्र मात्र नसतं. घड्याळ बघत, छातीच्या हालचालीवर नजर ठेवून, पूर्ण एक मिनिट मोजावं लागतं. तेही रुग्णाच्या नकळत, कारण आपला श्वास कुणीतरी मोजतंय हे कळलं की माणसाचा श्वास बदलतो. म्हणून आम्हाला शिकवतात की नाडी बघून झाल्यावरही मनगट तसंच धरून ठेवायचं, रुग्णाला वाटू दे नाडीच चालली आहे, आणि नजर छातीवर न्यायची.

हे एक मिनिट का महत्त्वाचं? जंतुसंसर्ग रक्तात पसरायला लागला, न्यूमोनिया वाढायला लागला, की बऱ्याच रुग्णांचा श्वास बीपी पडायच्या कितीतरी आधी वाढतो. अठराचे सव्वीस होतात. रुग्ण बोलत असतो, चहा मागतो, बीपी व्यवस्थित असतं, मुलगा म्हणतो आज बाबा बरे दिसतात. ज्या सिस्टरने मिनिटभर थांबून मोजलं, तिलाच कळतं की हा माणूस खाली चालला आहे. ती तेव्हाच ड्युटी डॉक्टरांना उठवते. ज्या वॉर्डात मोजलं जात नाही तिथे पहाटे चारला बीपी लागत नाही म्हणून धावपळ सुरू होते आणि सकाळी कागदावर लिहिलं जातं, ‘अचानक प्रकृती खालावली’. असं ‘अचानक’ बहुतेक वेळा काही तास आधीपासून सुरू झालेलं असतं.

गर्दीच्या कुठल्याही वॉर्डातले कागद काढून पाहा. श्वासाच्या रकान्यात ओळीने २०, २०, १८, २०, २० असे आकडे दिसतील. इतक्या वेगवेगळ्या आजारांची इतकी माणसं एकाच लयीत श्वास घेत नसतात. ते आकडे न मोजता लिहिलेले असतात. हे चूकच आहे, मी त्याचं समर्थन करत नाही. पण त्याच्या मागचा हिशेब बघा.

रात्रपाळी बारा तासांची धरा, रात्री आठ ते सकाळी आठ. म्हणजे ७२० मिनिटं. वॉर्डात ५० रुग्ण, काही जमिनीवर गाद्या टाकून, आणि सिस्टर एक. प्रत्येकाच्या वाट्याला पूर्ण रात्रीत चौदा मिनिटं येतात. दर चार तासांनी नुसता श्वास मोजायचा म्हटलं तर तीन फेऱ्यांचे दीडशे मिनिटं गेले. रात्री दहाच्या इंजेक्शनांचं घ्या. सेफ्ट्रियाक्झोन हे अँटिबायोटिक शिरेतून द्यायचं तर दोन ते चार मिनिटं हळूहळू ढकलावं लागतं, पित्तावरच्या पॅन्टोप्राझोलला किमान दोन मिनिटं. पावडर विरघळवणं, नाव आणि डोस ताडून बघणं, हात स्वच्छ करणं, इंट्राकॅथ चालू आहे ना हे पाहणं धरून माणशी पाच मिनिटं घ्या. तीस जणांना इंजेक्शनं असतील तर पुन्हा दीडशे मिनिटं, म्हणजे दहाचा डोस शेवटच्या खाटेपर्यंत पोचायला साडेबारा. मध्ये दोन नवे रुग्ण आले, एक साप चावलेला, एक आकडी आलेला. एक जण गेला. मृत्यूनंतरची सगळी कागदपत्रं, मृतदेह बांधणं, नातेवाइकांचा आकांत, हे सगळं तिच्याच अंगावर. एक्सरेला न्यायला मामा, म्हणजे वॉर्डबॉय, नाही, कारण तीन वॉर्डांत मिळून एकच मामा आहे. बेडपॅनला मावशी, म्हणजे आया, नाही.

अशा वेळी काय सुटतं ते बघा. इंजेक्शन सुटत नाही, कारण नातेवाईक विचारतात आणि कागदावर सही करावी लागते. ज्याबद्दल कुणी विचारत नाही तेच आधी सुटतं: श्वास मोजणं, दर दोन तासांनी कूस बदलणं, लघवीच्या पिशवीतलं माप घेणं, आणि घाबरलेल्या म्हाताऱ्याशी दोन शब्द बोलणं. परिचर्येचा गाभा याच कामांत आहे, आणि माणसं कमी पडली की पहिली कात्री त्यालाच लागते.

कूस बदलण्याबद्दल थोडं अधिक लिहिते. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग हे नाव महाराष्ट्रातल्या प्रत्येक परिचारिकेला ठाऊक आहे. २७ नोव्हेंबर १९७३ ला त्यांच्याच रुग्णालयात त्यांच्यावर हल्ला झाला, आणि १८ मे २०१५ ला त्या गेल्या. मधली जवळजवळ ४२ वर्षं केईएमच्या परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांना भरवलं, पुसलं, कूस बदलली. २०११ मध्ये त्यांच्या इच्छामरणाचा अर्ज सर्वोच्च न्यायालयापुढे होता, तेव्हा इतकी वर्षं अंथरुणाला खिळूनही त्यांना बेडसोर, म्हणजे पडून राहिल्याने होणारी जखम, नाही, याची न्यायालयाने दखल घेतली आणि केईएमच्या परिचारिकांचं मनापासून कौतुक केलं. ज्यांनी लकवा झालेल्या माणसाची घरी शुश्रूषा केली आहे त्यांना या गोष्टीची किंमत कळेल. माकडहाडावरची कातडी लाल व्हायला काही तास पुरतात, आणि एकदा जखम खोल गेली की भरायला महिने लागतात. त्यासाठी लागतात दोन हात, थोडी पावडर, कोरडी चादर आणि ठरलेल्या वेळी येणारं माणूस. महागडी गादी मिळाली तर बरंच, पण गादी कूस बदलत नाही.

आता नियम काय म्हणतात ते बघू. भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण असं आहे: वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेल्या रुग्णालयात साध्या वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका, इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक, आणि या संख्येवर ३० टक्के रजा राखीव, म्हणजे रजेवर गेलेल्यांची जागा भरायला जादा परिचारिका. इथे बरेच जण फसतात. हे प्रमाण तिन्ही पाळ्या मिळून आहे. म्हणजे तीनास एक याचा अर्थ एका पाळीत नऊ रुग्णांमागे एक, आणि पाचास एक म्हणजे पाळीला पंधरा. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने १९९९ मध्ये कायदा करून २००४ पासून प्रमाण सक्तीचं केलं. तिथे साध्या वॉर्डात पाचास एक आहे, पण ते प्रत्येक पाळीला. दोन्हीकडे ‘पाच’ लिहिलेलं असलं तरी आपला पाच तिथल्या पाचाच्या तिप्पट ओझ्याचा आहे. आणि आपण तोही पाळत नाही.

परिचर्येच्या संशोधक लिंडा एकेन यांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. परिचारिकेच्या वाट्याला एकेक रुग्ण वाढत गेला की शस्त्रक्रियेच्या रुग्णांचा तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, असं त्यात दिसलं. २०१४ मध्ये युरोपातल्या नऊ देशांच्या आकड्यांवरून जवळपास तसाच निष्कर्ष निघाला. पेनसिल्व्हेनियाच्या अभ्यासात तुलना होती ती परिचारिकेमागे चार ते आठ रुग्णांची. पन्नास रुग्णांची कल्पनाही त्या तक्त्यात नाही. म्हणून परिचारिका वाढवा ही मागणी आमच्या सोयीची आहे असं कुणी म्हटलं की मला राग येतो. ही रुग्णाच्या जिवाची मागणी आहे.

प्रमाण ठरलेलं असताना वॉर्डात एकटीच सिस्टर कशी उरते? हिशेब साधा आहे. पदं मंजूर होतात ती मंजूर खाटांवर. वॉर्ड तीस खाटांचा असेल तर पाचास एक प्रमाणे सहा, रजा राखीव दोन, एकूण आठ. पावसाळ्यात डेंग्यू, लेप्टो, गॅस्ट्रो सुरू झाले की रुग्ण पन्नास होतात, पण पदं आठच. समजा त्यातली दोन रिक्त आहेत. एक जण प्रतिनियुक्तीवर, म्हणजे पगार या वॉर्डाचा आणि काम दुसरीकडे. एक बाळंतपणाच्या रजेवर. राहिल्या चार. एक जागा आठवडाभर चोवीस तास भरलेली ठेवायची तर १६८ तास लागतात. माणशी ४८ तास धरले तरी साडेतीन माणसं, रजा धरून साडेचार. म्हणजे चौघींत एक खुर्चीसुद्धा धड भरत नाही. तरी त्या रात्री तुम्हाला एक सिस्टर दिसली, ती कुणाची तरी साप्ताहिक सुट्टी कापून उभी राहिलेली असणार.

त्यात तिचे हातही सगळे रुग्णाकडे नसतात. औषधांचा इंडेंट (मागणीपत्र), चादरींची मोजदाद, डाएटची यादी, मोडक्या सामानाची नोंद, स्टॉक रजिस्टर, संगणकावरच्या नोंदी, योजनांच्या कागदांसाठी झेरॉक्स. चादर हरवली तर इन्चार्जच्या पगारातून कापायची भाषा होते. श्वास मोजला नाही तर कुणी विचारत नाही. वॉर्डाला एक कारकून दिला तर परिचारिकांचे कित्येक तास एका दिवसात रुग्णाकडे परत येतील. त्यासाठी फार पैसाही लागत नाही. वर्षानुवर्षं सांगूनही हे होत नाही, याचं एक कारण असं की निर्णयाच्या टेबलावर परिचारिका नसते. स्वतंत्र परिचर्या संचालनालय असावं ही आमची जुनी मागणी याच कारणासाठी आहे.

कंत्राटी भरतीबद्दल माझं मत ठाम आहे. मे २०२२ मध्ये राज्यभरच्या सरकारी रुग्णालयांतल्या परिचारिका संपावर गेल्या, त्यात मुख्य विरोध बाहेरच्या संस्थेमार्फत कंत्राटी भरती करण्याला होता. तेव्हा लोकांनी आम्हाला बोल लावला. पण नवजात कक्षासारख्या ठिकाणी नवी मुलगी तयार व्हायला काय लागतं ते मी पाहिलं आहे. किलोभर वजनाच्या बाळाची शीर सापडणं, दुधाच्या नळीची जागा तपासणं, बाळ निळं पडायच्या आधी त्याच्या अंगाचा बदललेला रंग ओळखणं, हे वर्गात शिकता येत नाही; जाणत्या सिस्टरच्या शेजारी महिनोन् महिने उभं राहून येतं. अकरा महिन्यांची ऑर्डर आणि स्थायी परिचारिकेच्या मानाने कितीतरी कमी पगार असेल तर ती मुलगी शिकते आणि दुसरीकडे जाते. तिने जाऊ नये असं तिला कुठल्या तोंडाने सांगायचं?

भंडाऱ्याची आठवण इथे काढायला हवी. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे तिथल्या जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षाला आग लागली. दहा बाळं गेली, सात वाचवता आली. चौकशीनंतर काही अधिकारी निलंबित झाले. कक्षातल्या कंत्राटी परिचारिकांची मात्र सेवाच संपवण्यात आली, आणि पुढे दोन परिचारिकांवर गुन्हाही दाखल झाला. त्या रात्री कोण कुठे होतं याचा निवाडा मी करणार नाही. पण निलंबित माणसाला परत यायची वाट उरते, कंत्राटी माणसाला उरत नाही. इतक्या नाजूक बाळांची जबाबदारी ज्यांच्यावर टाकायची त्यांनाच सर्वांत कच्च्या धाग्यावर टांगून ठेवायचं, हे धोरण मला कधीच पटलं नाही.

खासगी रुग्णालयांत वेगळं चित्र आहे असं समजू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानंतर नेमलेल्या समितीने शिफारस केली होती की २०० पेक्षा जास्त खाटांच्या खासगी रुग्णालयांनी परिचारिकांना राज्य सरकारइतका पगार द्यावा, १०० ते २०० खाटांना तो फार तर १० टक्के कमी असावा, ५० ते १०० खाटांना २५ टक्के, आणि पन्नासच्या आतल्या रुग्णालयांतही महिना २०,००० रुपयांपेक्षा कमी नसावा. तालुक्याच्या ठिकाणच्या नर्सिंग होममधल्या मुलींना विचारा, उत्तर ऐकून वाईट वाटेल. कित्येक ठिकाणी तर कुठलंही नोंदणीकृत शिक्षण नसलेल्या मुलीला पांढरा कोट चढवून ‘सिस्टर’ म्हणून उभं केलेलं असतं. तुमचा रुग्ण खासगीत असेल तर परिचारिकेची महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी आहे का, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

२०२३ मध्ये १९४७ च्या जुन्या कायद्याच्या जागी राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा संमत झाला. त्यात शिक्षण, नोंदणी, आचारसंहिता यांवर भर आहे, ते चांगलंच आहे. पण किती रुग्णांमागे किती परिचारिका याची सक्ती त्यात नाही. मला ती सक्ती हवी आहे. तीही मंजूर खाटांवर न ठरवता रात्री बारा वाजता वॉर्डात प्रत्यक्ष किती रुग्ण आहेत त्यावर ठरवलेली. आमच्या रिपोर्ट बुकात हा आकडा रोज लिहिला जातो. तो जिल्ह्याच्या पातळीवर रोज प्रसिद्ध केला, सोबत त्या पाळीच्या परिचारिकांची संख्या दिली, तर कुठला वॉर्ड बुडतोय हे मंत्रालयातही दिसेल. यासाठी नवं सॉफ्टवेअर लागत नाही.

आता खेकसण्याबद्दल. थकवा हे कारण आहे, पण सबब म्हणून मी ती मान्य करत नाही. विशेषतः प्रसूती कक्षात. कळा देणाऱ्या बाईला ‘तेव्हा नाही कळलं का’ म्हणणारी, मांडीवर चापट मारणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांना कामाचा ताण होता म्हणून सोडून द्यायचं नाही. इन्चार्ज म्हणून माझा अनुभव असा की पहिल्याच वेळी, सगळ्यांसमोर न बोलता पण स्पष्ट शब्दांत थांबवलं की बहुतेक जणी थांबतात. ज्या थांबत नाहीत त्यांची लेखी नोंद व्हायला हवी, मग त्या संघटनेत कितीही मोठ्या पदावर असोत. आणि रात्रभर मोबाईल बघत बसणारी, रुग्ण मेलं तरी न उठणारी सिस्टरसुद्धा असते. तिच्यामुळे बाकीच्या बदनाम होतात, तिला पाठीशी घालणं आम्ही बंद केलं पाहिजे.

म्हणून तुम्ही तक्रार जरूर करा. पण ‘सिस्टर आल्या नाहीत’ एवढंच लिहिलंत तर त्या रात्रीच्या सिस्टरला एक मेमो मिळेल आणि पुढच्या रात्री तिथे पुन्हा एकटीच कुणीतरी असेल. तक्रारीत तारीख, वेळ, वॉर्ड लिहा आणि त्या पाळीत वॉर्डात किती रुग्ण होते, किती परिचारिका होत्या, किती मावशी-मामा होते, हे विचारा. ती जिल्हा शल्यचिकित्सकांकडे द्या, प्रत रुग्ण कल्याण समितीकडे. उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्जात चार गोष्टी मागा: परिचारिकांची मंजूर पदं, भरलेली पदं, प्रतिनियुक्तीवर पाठवलेल्यांची संख्या, आणि त्या महिन्यात वॉर्डात रोज रात्री बारा वाजता असलेली रुग्णसंख्या. सगळं रजिस्टरांत असतं, त्यामुळे ‘माहिती उपलब्ध नाही’ असं उत्तर आलं तर लगेच प्रथम अपील करा. आकडे हातात आले की ते तुमच्या आमदारांना लेखी द्या आणि पुढच्या अधिवेशनात प्रश्न लावायला सांगा. आम्ही आतून हे आकडे मागितले तर फायली हलत नाहीत. रुग्णाच्या मुलाने मागितले तर उत्तर द्यावं लागतं.